दवाखान्यात पोचेपर्यंत बरा होणारा पाय

माझा पाय खोटं बोलत नव्हता. हे एवढंच लोकांना पटवण्यात माझे फुटबॉलचे दोन हंगाम गेले, म्हणून तेच आधी लिहून टाकतो.

मी काही लिहिणाऱ्यातला नाही. आठवीतून शाळा सुटली ती सुटलीच. पण पळायला लागलं की ज्याची नडगी दगडासारखी होते, बसलं की पाय पहिल्यासारखा होतो, आणि घरचे, टीमवाले, डॉक्टर सगळे मिळून ज्याला सांगतात की तुला काही झालेलं नाही, असा कुणीतरी आजही कुठल्या तरी मैदानाच्या कडेला बसलेला असणार. त्याच्या हाती हे पडावं. आणि जमलं तर त्याच्या डॉक्टरच्याही.

खोली, काम आणि पाय

मी मूळचा कामठीचा, नागपूरच्या पलीकडचा. आमच्याकडे फुटबॉल घराघरात. नव्वदीच्या शेवटी एका स्पर्धेत कोल्हापूरच्या एका पेठेतल्या मंडळानं मला खेळताना बघितलं आणि बोलावून घेतलं. कोल्हापुरात पेठेची टीम म्हणजे काय असतं हे तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. मॅच असली की दुकानांची शटरं खाली येतात, आणि हरलं तर पेठेत कुणी कुणाशी धड बोलत नाही.

मंडळाच्या कमिटीतले तात्या मला त्यांच्या घरी घेऊन आले. त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. सकाळी मैदान, दिवसा लेथवर काम आणि राहायला घरामागची खोली. तात्यांच्या बायकोला सगळी पेठ आक्का म्हणायची, मीही म्हणायला लागलो. पहिल्याच दिवशी ताट वाढताना आक्कानं विचारलं, "भाकरी खातोस न्हवं? का तुमच्याकडं नुसती संत्रीच खात्यात?"

बोलणं साधं होतं. खेळतोय तोवर खोली आणि काम. तोंडीच ठरलेलं, पण मला ते रोज झोपताना आठवायचं. घरी आई आणि दोन लहान बहिणी. माझ्या पायावर माझी खोली उभी होती आणि कामठीचं घरही थोडंसं टेकलेलं होतं. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचा संताप कळेल.

दगड

दुसऱ्या हंगामात उजव्या पायाला सुरुवात झाली. पळायला लागलं की नडगीच्या बाहेरच्या अंगाचं मांस आतून फुगायला लागायचं. बोटानं दाबलं तर दबायचं नाही. मग कळ. मग अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधली जागा बधिर. शेवटी पाऊल वर उचलेना, जमिनीवर फटक् फटक् आपटायचं. बाजूला बसलं की थोड्या वेळात सगळं गायब.

हे गायब होणंच माझा गुन्हा ठरला.

लेथवर मी दिवसभर उभा असायचो, तेव्हा पाय गप्प. आमचे कोच दिनकरदादा सगळ्यांसमोर म्हणाले, "कामावर दुखत न्हाई, मैदानातच दुखतोय व्हय रं? लई शाणा पाय हाय तुझा."

सगळे हसले. मीही हसलो. परगावच्या माणसाला हसावं लागतं.

मंडळाच्या तालमीत दुखण्यावर एकच औषध, रगडणं. गरम तेल घेऊन दोघं जण माझ्या नडगीवर बसायचे. मी ओरडलो की म्हणायचे, "वरड, वरड, कळ भाईर पडतीया." वर कापडाची पट्टी गच्च आवळायची आणि पळायला सोडायचं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, स्वतःच्या पायांनाही ते तसंच करायचे. पण आत जागा नव्हती म्हणून पाय ओरडत होता आणि आम्ही बाहेरून त्याला आणखी आवळत होतो. हे मला फार उशिरा कळलं.

आंघोळ करून

आक्काच्या घरात नियम होता. दवाखान्यात जायचं तर धुऊन पुसून जायचं. देवळात जातो तसं. पहिल्यांदा मी मैदानातून लंगडत आलो आणि डॉक्टरकडे जातो म्हणालो, तर तिनं मला दारातच अडवलं.

"आरं, डाक्टरपुढं असा चिखलानं भरून जाणार हायस? म्हंजे लोक म्हणणार, आक्काच्या घरात पाणी न्हाई."

मग बंबाचं गरम पाणी, साबण, इस्त्रीचा शर्ट. मग रिकाम्या पोटी जायचं नाही म्हणून भाकरी. मग रिक्षा. मग दवाखान्यात बाकावरची रांग. माझा नंबर यायचा तेव्हा माझा पाय अख्ख्या कोल्हापुरात सगळ्यात निरोगी पाय असायचा.

पहिल्या डॉक्टरनं दाबून विचारलं, "इथं दुखतं?" मी म्हणालो, आता नाही. कॅल्शियमच्या गोळ्या.

दुसऱ्यानं एक्स-रे काढला. स्वच्छ. तरी म्हणाला, केसाएवढी चीर असेल, दिसत नसेल. आणि प्लॅस्टर घातलं. प्लॅस्टर काढलं तेव्हा पोटरीची काडी झाली होती पण दुखणं नव्हतं. मी किती खूश! परत पळायला लागलो आणि परत तोच दगड. प्लॅस्टरमध्ये पळता येत नाही, म्हणून दुखत नव्हतं. एवढं मला आठवी नापासाला कळलं, त्याला कळू नये?

तिसरा सगळ्यात मोठ्या नावाचा. त्याच्या वेटिंग हॉलमध्ये काचेच्या पेटीत मासे होते, ते बघत तात्यांनी आणि मी अर्धा दिवस काढला. त्यानं फोनवर बोलत बोलत माझ्या गुडघ्यावर हातोडी मारली. मग माझ्याकडे न बघता तात्यांना विचारलं, "हा घरापासून लांब राहतो का?"

"व्हय. नागपूरकडचा हाय."

"मग तेच. मनाचं आहे. खेळाचा ताण घेतलाय." झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि उठता उठता म्हणाला, "पळाल्यावर दुखतं ना? मग पळू नकोस."

मी पाय घेऊन गेलो होतो आणि डोक्याची गोळी घेऊन आलो. रिक्षात तात्या एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला सगळ्यात जास्त राग आला, आणि रागापेक्षा भीती वाटली. कारण मलाही क्षणभर वाटलं, खरंच माझ्या मनाचं असेल तर? त्या माणसानं माझा पायच नाही, माझा स्वतःवरचा भरवसा काढून घेतला. आज इतकी वर्षं झाली, तो हॉल आठवला की अजून दात आवळले जातात.

एसटीडी बूथवरून कामठीला शेजाऱ्यांकडे फोन लावला. आई धावत आली असणार, दम लागला होता.

"बाबू, काहून असा आवाज येऊन राहिला तुझा?"

"काही नाही आई. सर्दी आहे."

"पाय दुखते म्हणे तुझा. राहू दे ना तो बॉल. घरी ये."

घरी येऊन करू काय, हे मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या मॅचला मी मध्येच बसलो. समोरच्या पेठेचे लोक ओरडले, "ए नागपूर! पाय पार्सलनं मागवलायस काय?" त्याचं काही वाटलं नाही, त्यांचं कामच ते. पण आमच्याच बाजूच्या पायऱ्यांवरून आवाज आला, "नाटक्या हाय त्यो!" आणि मागं वळून बघितलं तर कुणी त्याला गप्प करत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिनकरदादा वर्कशॉपवर आले. "हंगाम संपला की गावाकडं जाऊन ये. बरं वाटलं तर बगू." तात्या मशीनकडे बघत राहिले. 'बघू' म्हणजे काय हे परगावच्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आक्का वाडीला गेली तेव्हा

पौर्णिमा होती. आक्का पहाटेच्या एसटीनं नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला गेली होती. मी मैदानावर गेलो आणि ठरवलं, आज थांबायचं नाही. काय व्हायचं ते होऊ दे.

पळत राहिलो. पाय फुगला, बधिर झाला, पाऊल लोंबायला लागलं, आणि मी त्याच पावलाला अडखळून तोंडावर चिखलात पडलो. आमचा लेफ्ट बॅक सर्जा धावत आला. त्यानं माझ्या नडगीला हात लावला आणि शिवीच घातली. "आरं, ही नडगी हाय का लोखंड? चल, बस गाडीवर."

"आंघोळ करून..."

"आंघोळ गेली खड्ड्यात! आक्का वाडीला हाय. बस म्हणतोय न्हवं!"

जवळच एका तरुण डॉक्टरनं नुकताच दवाखाना टाकला होता. पाटीचा रंगसुद्धा नवा. रांग नव्हती. सर्जानं मला बूट, चिखल आणि घामासकट पांढऱ्या चादरीवर नेऊन टाकलं. डॉक्टरनं नडगीवर बोटं ठेवली, मग दुसऱ्या पायावर, मग परत पहिल्यावर.

"पाऊल वर करा."

होईना.

"इथं कळतंय?" अंगठ्याजवळ टाचणी लावली. कळत नव्हतं.

मग त्यानं एक गोष्ट केली जी आधी कुणीच केली नव्हती. तो स्टूल ओढून माझ्या पायाशी बसून राहिला. मधून मधून दाबून बघत होता. त्याच्या हाताखाली दगड हळूहळू मऊ होत गेला, बोटांत मुंग्या आल्या, पाऊल वर यायला लागलं. त्यानं ते सगळं डोळ्यांनी बघितलं.

"हे आधी कुणाला दाखवलं?"

"तिघांना."

"असं दाखवलं?"

"नाही. आंघोळ करून, जेवून, रिक्षानं गेलो होतो."

तो हसेल असं वाटलं, पण हसला नाही. "म्हणजे तुमचा आजार रस्त्यातच उतरून जात होता," तो म्हणाला.

आजार. तो शब्द ऐकला आणि मला रडू आलं. सर्जा खिडकीबाहेर बघायला लागला. आजार आहे म्हटल्यावर माणूस घाबरतो. मला सुटल्यासारखं वाटलं.

"पाय कापावा लागेल काय?" मी विचारलं. कितीतरी रात्री हेच डोक्यात होतं.

सर्जा मैदानावरून बॉलही तसाच घेऊन आला होता, डॉक्टरनं तो हातात घेतला. "आत ब्लॅडर असतं, वर कव्हर. कव्हर ताणत नाही. तरी हवा भरत राहिलो तर?"

"दगड होतो."

"नडगीच्या मांसावर असंच कव्हर असतं. पळताना मांस फुगतं, तुमचं कव्हर ताणत नाही. आत रक्त फिरायला जागा राहत नाही. पाय नाही कापायचा, कव्हर चिरायचं." त्यानं नाव सांगितलं, कंपार्टमेंट सिंड्रोम. वर बजावलं, "पट्टी आवळायची नाही, रगडायचं नाही. आणि ज्या दिवशी बसूनसुद्धा कळ थांबणार नाही, त्या दिवशी घरी जायचं नाही. थेट मोठ्या हॉस्पिटलात."

खात्री करायला मिरजेला जायला सांगितलं.

पारा

मिरजेला आक्का बरोबर आली. सकाळी मी आंघोळ नको म्हणालो म्हणून फुगली होती. एसटीत माझ्याकडे पाठ करून बसली.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी नडगी बधिर करून सुई घातली. सुईला नळी, नळी बीपीच्या मशीनला जोडलेली. पारा थोडा वर जाऊन थांबला. "आता जा, पळा," म्हणाले. "दुखेपर्यंत पळायचं."

मी हॉस्पिटलच्या आवारात पळायला लागलो. पेशंट, नातेवाईक, चहावाला सगळे बघायला गोळा झाले. कुणीतरी विचारलं, "बिल न देता पळालाय काय ह्यो?" आक्का पायरीवर पिशवी घेऊन बसली होती, तिनं त्याला असं झापलं की तो चहा टाकून गेला. मला फार लाज वाटत होती. आणि पहिल्यांदाच दुखण्याची मी वाट बघत होतो. आज नेमका दुखला नाही तर? आज नेमका शहाणा झाला तर?

दुखला. तसाच आत नेला. परत सुई. पारा चढला, आणि उतरेना. डॉक्टरांनी आक्काला आत बोलावून दाखवलं. "हा आकडा म्हणजे पायाच्या आतली कोंडी. बघा, अजून खाली येत नाही."

आक्का पाऱ्याकडे बघत राहिली. परतीच्या एसटीत अर्धा रस्ता गेल्यावर एकदम म्हणाली, "दर येळंला म्याच न्हाऊ घातला की रं तुला."

"आक्का, तू कशाला..."

"म्या म्हटलं, सोच्छ जावं. डाक्टर नाव ठेवंल."

तिचा पदर डोळ्यांना लागला आणि माझा सगळा राग उफाळून आला. आक्कावर नाही. आक्कानं आंघोळ घातली, ते तिचं प्रेम. प्रश्न विचारणं डॉक्टरांचं काम होतं. 'पळताना दुखतं' असं मी तिघांनाही सांगितलं होतं, स्पष्ट मराठीत. त्यातल्या एकानंही म्हटलं नाही, मग पळून दाखव. दोष कुणाच्या वाटेचा आणि रडत होतं कोण!

वॉर्ड

ऑपरेशन मिरजेलाच झालं. आदल्या दिवशी नर्स म्हणाली, साबण लावून स्वच्छ आंघोळ करून या. आक्का ताडकन उठली. "बगा! लागतीया न्हवं आंघोळ?" नर्सला काही कळेना.

शेजारच्या कॉटवर गडमुडशिंगीचा एक शेतकरी होता, म्हशीनं पाय मोडलेला. त्यानं विचारलं, "पावणं, तुमास्नी काय झालंय?"

"पळालं की पाय दुखतोय."

"मग पळू नगा की!"

तिसऱ्या डॉक्टरचंच वाक्य. पण यानं ते फुकट सांगितलं आणि वर अर्धी शेंगदाण्याची चिक्की दिली.

वॉर्डमध्ये सकाळ फार लवकर होते. थर्मामीटर, फिनेलचा वास, ड्रेसिंगची ट्रॉली. ट्रॉलीचं चाक वाजायला लागलं की अख्खा वॉर्ड गप्प. चिरलेली जागा जळायची, पाय सुजलेला, आणि तशातच दुसऱ्या दिवशी उभं केलं. कुबड्यांवर दरवाजापर्यंत गेलो आणि घामानं भिजलो. मनात एकच, हे सगळं करून परत पाय दगड झाला तर? मग नाटक्या म्हणणाऱ्यांचं कायमचं खरं होईल.

आई कामठीहून एकटी आली, एवढा लांबचा प्रवास आयुष्यात पहिल्यांदा. दारात उभी राहून तिनं आक्काला जयभीम केला. आक्का क्षणभर थांबली, मग दोन्ही हात जोडून म्हणाली, "जयभीम. या, बसा. दमला असशीला." मी इतका वेळ श्वास धरून बसलो होतो हे तेव्हा कळलं. हे मी विसरणार नाही.

आई म्हणाली, "बाई, मी याले आता घरी घेऊन जातो."

आक्का माझ्या कानाशी आली. "तुझी आई बाप्यावानी 'जातो' म्हणती की रं!" मग आईकडे वळून ठणकावलं, "न्यायचा तर पळता झाल्यावर न्या. लंगडा देणार न्हाई मी." आईला अर्धं समजलं असेल, पण ती पहिल्यांदा हसली. दोघींनी माझ्या कॉटखाली एकाच चटईवर बसून डबा खाल्ला.

दिनकरदादा शहाळं घेऊन आले. बराच वेळ ते शहाळं या हातातून त्या हातात करत होते. "आमाला काय म्हाईत मर्दा, आत असं असतंय."

"विचारायचं तर होतं, दादा."

त्यांनी मान हलवली. जाताना म्हणाले, "खोलीत कुणाला घेतल्यालं न्हाई. तुझी वळकटी हाय तशी हाय."

माशांच्या हॉलमध्ये

चालणं, मग भरभर चालणं, मग पळणं. पुढच्या हंगामात मी पूर्ण मॅच खेळलो. त्या दिवशी गोल मी केला नाही, जिंकलोही नाही. पण शेवटच्या शिट्टीला मी मैदानातच होतो, आणि खाली वाकून नडगी दाबली तर ती मऊ होती.

त्या आठवड्यात मी तिसऱ्या डॉक्टरकडे गेलो. सर्जा नको म्हणत होता. पण गेलो. पँट वर करून व्रण दाखवला, मिरजेचे कागद ठेवले. त्यानं चष्मा लावून वाचले.

"अशा केसेस फार क्वचित असतात," तो म्हणाला.

"साहेब, मी पळाल्यावर दुखतं म्हणालो होतो. पळवून बघायला रस्ता तुमच्या दारातच होता."

त्यानं घड्याळ बघितलं. बाहेर बाकावर माणसं बसली होती, इस्त्रीचे कपडे घालून, हातात फायली धरून, शांत. त्यातल्या किती जणांचं दुखणं तोवर उतरून गेलं होतं कोण जाणे. मी माफी मागायला लावीन असं ठरवून गेलो होतो. तसाच परत आलो.

डावा

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं की दुसऱ्या पायालाही होऊ शकतं. आणखी दोनेक वर्षांनी झालं. सरावात डाव्या नडगीत तीच ओळखीची फुगवट आली. परत सगळं? परत रांगा, परत नाटक्या?

घराच्या दारात लंगडत पोचलो. सवयीनं बुटाच्या नाड्या सोडायला वाकलो. आक्का चुलीपुढून उठून आली, माझं तोंड बघितलं, पाय बघितला.

"काढू नगंस," ती म्हणाली. "हाय तसा चल."

रिक्षा थांबवून तिनं मला आत ढकललं. रिक्षावाला सीटबद्दल कुरकुरला, त्याला म्हणाली, "धुऊन देते तुझी शीट, तू पळीव." तरुण डॉक्टरचा दवाखाना आता मोठा झाला होता. नव्या चकचकीत फरशा, काउंटर, रांग. आक्कानं रांग तोडली. माझ्या बुटांचे चिखलाचे ठसे दारापासून आतपर्यंत उमटत गेले.

काउंटरवरची मुलगी ओरडली, "अहो मावशी! त्यांचे पाय तरी धुऊन आणा!"

आक्का थांबली. आपल्या घरात पाणी नाही असं लोक म्हणतील म्हणून जिचा जीव जायचा, ती सगळ्या दवाखान्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"न्हाई धुणार," ती म्हणाली. "धुतला की रोग जातोय. आधी डाक्टरला बगू दे, मग फरशी मी पुसते."